खंडोबाचा किडा पाळावा काय?



म्हैस पाळली तर दूध मिळते, कोंबडी पाळली तर अंडी मिळतात, कुत्रे पाळले तर रात्रीची राखण होते. पण परदेशात लोक पैसे मोजून एक हिरवा किडा विकत आणतात, त्याला काचेच्या घरात ठेवतात, रोज माश्या भरवतात आणि तो मेला की हळहळतात, असे कोणी सांगितले तर आपल्या घरातली म्हातारी माणसे म्हणतील, "रिकामपणाचे उद्योग, दुसरे काय!" तरीही ही गोष्ट खरी आहे. आणि गंमत अशी, की त्याच जातकुळीचा किडा आपल्या बांधावर, शेवग्याच्या फांदीवर, परड्यातल्या तुळशीवर फुकट बसलेला असतो.

बिद्री म्हटले की दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे धुराडे डोळ्यांपुढे येते आणि त्याभोवतीचा हिरवागार ऊस. या उसाच्या रानात पावसाळा सरता सरता, दसरा-दिवाळीच्या सुमारास, बोटाएवढा लांब, पानासारखा हिरवा किंवा वाळल्या पाचटासारखा तपकिरी असा एक किडा पुढचे दोन पाय छातीशी जोडून निवांत बसलेला दिसतो. हाच तो खंडोबाचा किडा. पुस्तकांत त्याला प्रार्थना कीटक म्हणतात. तो घरी पाळता येतो काय, पाळायचा तर कसा, विकत घ्यावा काय, आणि त्यात आपल्या शेतीचे काही हित आहे काय, हे आज पाहू.

आधी ओळख पटवून घ्या

पुष्कळ जण त्याला नाकतोडा समजतात आणि पिकाचा वैरी म्हणून चपलेखाली चिरडतात. दोहोंतला फरक पायांवरून ओळखावा. नाकतोड्याचे मागचे पाय जाड व लांब असतात, कारण तो उडी मारणारा व पाला खाणारा प्राणी. खंडोबाच्या किड्याचे पुढचे पाय जाड असून त्यांना आतून विळ्यासारखे काटे असतात, कारण तो शिकारी. तो पानाचा एक तुकडाही खात नाही. त्याला लागते ते जिवंत भक्ष्य: माशी, पतंग, नाकतोडा, अळी, तुडतुडा. नात्याने पाहिले तर तो नाकतोड्यापेक्षा झुरळाला आणि वाळवीला जवळचा आहे, हे ऐकून नवल वाटेल. जगात त्याच्या सुमारे चोवीसशे जाती असून आपल्या देशात दीडशेहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत.

त्याला नांगी नाही, विष नाही. फार डिवचले तर तो पंख पसरून अंग फुगवतो, क्वचित पुढच्या पायांनी चिमटा काढतो, एवढेच. त्याला पाहून लेकराबाळांनी घाबरण्याचे काही कारण नाही.

निसर्गाने त्याला दिलेली आयुधे पाहण्यासारखी आहेत. डोक्यावर दोन मोठे डोळे, आणि त्यांच्यामध्ये तीन बारीक डोळे. मोठ्या डोळ्यांत एक काळा ठिपका दिसतो. आपण कोणत्याही बाजूने पाहिले तरी तो ठिपका आपल्याकडेच वळलेला भासतो. मुलांना ही गंमत जरूर दाखवा. मान तर अशी वळते, की अंग न हलवता तो खांद्यावरून मागे पाहतो. एवढ्याशा मेंदूच्या या प्राण्याला भक्ष्य किती अंतरावर आहे ते दोन डोळ्यांनी नेमके कळते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मधमाश्यांच्या मेणाने या किड्यांना इवलेसे रंगीत चष्मे चिकटवले आणि त्यांना पडद्यावर खोटे भक्ष्य दाखवले. पडद्यावरचे भक्ष्य जवळ आल्यासारखे भासताच किडे त्यावर झेपावले. हा प्रयोग २०१६ साली जगापुढे आला. त्याच्या पुष्कळ जातींना एकच कान असतो, आणि तोही छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मध्ये. रात्री उडताना वटवाघळाचा आपल्याला न ऐकू येणारा आवाज त्या कानाने टिपून तो जीव वाचवतो.

किडे पाळणारे लोक

किडा पाळणे ही काही आजची टूम नाही. चीनमध्ये गाणारे रातकिडे पिंजऱ्यात ठेवण्याची हौस शेकडो वर्षांची आहे. जपानात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले शिंगवाले मोठे भुंगे पाळतात आणि ते दुकानांतूनही विकत मिळतात. युरोप-अमेरिकेत खंडोबाच्या किड्याची पिल्ले व अंड्यांच्या गाठी विकणारे व्यापारी आहेत. त्यांच्याकडे सर्वांत मिरवणाऱ्या जातींपैकी एक तर आपल्या दक्षिण भारतातली व श्रीलंकेतली आहे. सुकलेल्या पानासारखे तिचे अंग आणि लांबलचक बारीक मान पाहून तिकडच्या लोकांनी तिला सारंगीसारख्या एका वाद्याचे नाव दिले आहे.

अमेरिकेत या छंदाला एक धडाही मिळाला. चीनमधली मोठी जात सुमारे १८९६ साली फिलाडेल्फियाजवळ आढळली आणि युरोपातली जात १८९९ साली न्यूयॉर्क राज्यात. पुढे बागेतली कीड खाईल या आशेने लोक अंड्यांच्या गाठी विकत घेऊन बागांत सोडू लागले. पण हा परका पाहुणा कीड खातो तशी मधमाशीही खातो, फुलपाखरूही खातो आणि तिथल्या मूळच्या लहान भाऊबंदांनाही सोडत नाही. जगभरच्या नोंदी गोळा करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या किड्यांनी लहान पक्षी धरल्याच्या १४७ घटना तेरा देशांतून सापडल्या. परमुलखातला जीव आपल्या रानात सोडताना दहा वेळा विचार करावा, तो याचसाठी.

आपल्या शेजारची गोष्ट तर याहून मजेची आहे. कर्नाटकात एका घराच्या गच्चीवरच्या बागेत पाण्याचे लहान तळे होते. तिथे या किड्याचा एक नर ओळीने पाच दिवस येत राहिला आणि पाण्यावरच्या पानावर बसून त्याने नऊ गप्पी मासे पकडून खाल्ले. शास्त्रज्ञांनी ही हकिकत २०१८ साली छापून प्रसिद्ध केली. शिकार कोठे मिळते हे ध्यानात ठेवून पुन्हा तेथेच येण्याइतकी जाण या प्राण्याला असावी, असे त्यावरून दिसते. घरच्या परड्यात डोळे उघडे ठेवले तर केवढे ज्ञान हाती लागते, याचे हे उदाहरण.

घरी ठेवायचा तर असा ठेवा

मुलांनी हट्ट धरला, तर बांधावरचा एक किडा पाच-सहा आठवडे घरी ठेवायला हरकत नाही. खर्च काहीच नाही, मात्र नेम पाळावा लागेल.

घर : मोठ्या तोंडाची काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्यावी. कीटकनाशकाचा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. ती किड्यालाही मारील आणि मुलांच्या हातालाही लागेल. बरणीची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी. तोंडाला झाकणाऐवजी मच्छरदाणीचा तुकडा ताणून रबराने बांधावा, म्हणजे हवा खेळती राहील आणि किड्याला उलटे लटकायला जागा मिळेल. आत एक-दोन खरबरीत काटक्या तिरक्या उभ्या कराव्यात. बरणी सावलीत ठेवावी. खिडकीतल्या कडक उन्हात ठेवलेली बरणी घटकाभरात भट्टी होते.

एका घरात एकच : दोन किडे एकत्र ठेवले तर दुसऱ्या दिवशी एकच दिसेल आणि तो जाड झालेला असेल. भावंडे म्हणून हे प्राणी एकमेकांना ओळखत नाहीत.

खाणे : गोठ्यातल्या माश्या, दिव्यावर येणारे पतंग, लहान नाकतोडे हे त्याचे अन्न. भक्ष्य जिवंत व हलते असावे. मेलेल्याकडे तो सहसा ढुंकून पाहत नाही. भक्ष्य त्याच्याहून लहान असावे. पिल्लाला दिवसाआड आणि वाढलेल्याला दोन-तीन दिवसांनी खाणे पुरते. त्याचे पोट फुगलेले दिसले तर थांबावे. फवारलेल्या रानातले किंवा गोठ्यात औषध मारल्यावर धडपडणारे किडे त्याला चुकूनही घालू नयेत.

पाणी : वाटीत पाणी ठेवू नये. रोज सकाळी बोटांनी काटकीवर व बरणीच्या भिंतीवर चार थेंब शिंपडावेत. दवबिंदू चाटावा तसा तो पाणी पितो. तळाशी ओल साचू देऊ नये, नाहीतर बुरशी धरते.

स्वच्छता : खाल्ल्यावर उरलेले पंख-पाय दोन दिवसांनी काढून टाकावेत. एवढे काम मुलाकडेच सोपवा. जनावराची देखभाल म्हणजे नेम, हे शेतकऱ्याच्या मुलाला निराळे शिकवावे लागत नाही, पण आठ वर्षांच्या पोराला म्हशीपेक्षा किडा सोपा जातो.

कात टाकण्याची वेळ

पाळलेला किडा बहुधा दगावतो तो याच वेळी, म्हणून हे नीट वाचा. अंड्यातून निघाल्यापासून पंख फुटेपर्यंत हा प्राणी सहा ते नऊ वेळा कात टाकतो. त्याआधी एक-दोन दिवस तो खाणे सोडतो आणि वरच्या जाळीला उलटा टांगून स्वस्थ राहतो. तो आजारी आहे असे समजून मुले त्याला काडीने हलवतात, वर आणखी माश्या सोडतात. असे करू नये. जुन्या कातडीतून तो खाली घसरत बाहेर येतो तेव्हा त्याचे अंग ओल्या पिठासारखे मऊ असते. या वेळी तो खाली पडला किंवा जागा अपुरी पडली, तर पाय वाकडे होतात आणि तो वाचत नाही. आत सोडलेला नाकतोडाही त्याला कुरतडू शकतो. म्हणून तो खाईनासा झाला की आतले भक्ष्य काढून घ्यावे, थोडे पाणी शिंपडावे आणि बरणी एका जागी ठेवून द्यावी. कात टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाणे द्यावे. पंख पुरते फुटले की पुन्हा कात नाही. पुढे उरते ते आयुष्य काही आठवड्यांचे, फार तर काही महिन्यांचे.

नर अंगाने सडपातळ असतो, त्याच्या मिशा लांब असतात आणि तो उडण्यात तरबेज. मादी पोटाने जाड. पोटाखालचे पट्टे मोजले तर नराला आठ आणि मादीला सहा दिसतात. मीलनाच्या वेळी मादी कधीकधी नरालाच खाऊन टाकते हे खरे, पण दर वेळी तसे घडत नाही. भुकेली मादी हे जास्त करते.

मादी फांदीवर किंवा कुंपणाच्या काठीवर फेस सोडून त्यात अंडी घालते. तो फेस वाळून भुऱ्या रंगाची कडक, हलकी गाठ होते. जातीप्रमाणे तिच्यातून काही डझनांपासून शंभर-दोनशेपर्यंत पिल्ले एकदमच बाहेर पडतात. मादीने बरणीत गाठ घातली, तर काटकीसह ती बांधावरच्या झुडपाला बांधून यावे. घरात शेकडो पिल्ले निघाली तर त्यांना खायला घालणे कोणाच्याही आवाक्यातले नाही.

विकत घ्यावा काय?

आता पैशाची गोष्ट. मोबाईलवर हरतऱ्हेच्या वस्तूंच्या जाहिराती येतात, त्यांत परदेशी किडे व अंड्यांच्या गाठीही कोणी दाखवील. आपण त्या घेऊ नयेत. एक तर जे आपल्या बांधावर आहे त्याला पैसे कशाला मोजायचे? दुसरे, परकी जात निसटून रानात गेली तर ती परत बाटलीत भरता येत नाही. अमेरिकेचा धडा वर सांगितलाच आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. तुमच्या रानातले किडे गोळा करून द्या, नगाला इतके रुपये देतो, असे कोणी परका माणूस म्हणाला, तर सावध व्हा. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात परवान्याविना कीटक गोळा करताना चेक देशाचे दोन नागरिक पकडले गेले आणि न्यायालयाने दोघांनाही दोषी ठरवले. आपल्या देशात २००२ पासून जैविक विविधता कायदा आहे. रानातला किडा ही देशाची ठेव आहे, असे तो कायदा मानतो.

शेताला उपयोग किती?

इथे खरे तेच सांगितले पाहिजे. खंडोबाचा किडा शिकारी आहे, पण तो शेतकऱ्याचा गडी नाही. त्याच्या तोंडी तुडतुडा लागला तर तुडतुडा खातो, मधमाशी लागली तर तीही खातो. तो एका जागी दबा धरून बसतो, आणि खोडाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत किंवा मुळाशी असलेल्या हुमणीपर्यंत पोहोचत नाही. त्याच्या भरवशावर ऊस सोडता येणार नाही.

पण तो ज्या मंडळींबरोबर राहतो ती मंडळी फार मोलाची आहेत. उसावरचा लोकरी मावा आठवा. २००२ साली सांगलीकडे तो दिसला आणि पाहता पाहता कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातले उसाचे फड पांढरे झाले. डोक्याच्या वर गेलेल्या उसात औषध फवारणार कोण आणि कसे? त्या वेळी उपयोगी पडले ते किडेच. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा नाजूक पंखांचा किडा यांनी मावा खाऊन फस्त केला. ज्या फडात हे मित्रकिडे वाढले, तिथून पाने तोडून दुसऱ्या फडात नेऊन सोडण्यात आली. ज्यांनी घाईने कडक औषधे मारली, त्यांच्या रानात माव्याबरोबर मित्रही मेले.

तेव्हा किडाच विकत घ्यायचा असेल तर तो ट्रायकोग्रामा घ्या. हा इतका बारीक, की डोळ्याला जेमतेम दिसतो. तो खोडकिडीच्या व कांडीकिडीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतो, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. त्याची अंडी चिकटवलेले कार्ड मिळते. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात. संध्याकाळी कार्डाच्या पट्ट्या करून पानांच्या खालच्या बाजूला टाचाव्यात आणि पुढे काही दिवस रासायनिक फवारणी टाळावी. आपल्या कारखान्याच्या ऊसविकास विभागाकडे, कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेकडे याची चौकशी करावी.

फवारणीचा हात आखडण्यात केवळ पैशाची बचत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात पडले. घरचा कर्ता माणूस पाठीवर पंप घेऊन रानात जातो, तेव्हा ती फवारणी खरोखरच गरजेची आहे काय, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाचा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी रानातला मित्र कोण आणि वैरी कोण हे ओळखता आले पाहिजे. महिनाभर बरणीतला किडा पाहणाऱ्या घरात ही ओळख आपोआप होते. त्याच्यासाठी माश्या, पतंग, तुडतुडे शोधताना पोरे प्रत्येक पान उलटून पाहू लागतात. मग ढालकिडा दिसतो, कोळी दिसतो, माव्याच्या मेलेल्या सोनेरी पिशव्या दिसतात. मोठी माणसेही त्यांच्याबरोबर वाकून पाहू लागतात.

बांधावरच पाळा

सर्वांत चांगली पाळणूक बरणीबाहेरची. ती करायला चारच गोष्टी पुरेत.

पहिली, ऊस तुटल्यावर पाचट पेटवू नका. पाचटाच्या आगीत ओलही जाते, गांडुळेही जातात आणि पानांना चिकटलेल्या अंड्यांच्या गाठी, कोळी, मित्रकिड्यांचे कोष यांची राख होते. पाचट सरीत पसरून कुजू दिले तर खोडव्याला खत मिळते आणि मित्रांना आसरा.

दुसरी, बांध पार तासून नागडा करू नका. चार झुडपे, थोडे गवत, फुलणारी तुळस-झेंडू राहू द्या. मित्रकिडे तिथेच वस्ती करतात.

तिसरी, कुंपण छाटताना फांदीवर भुरी फेसाळ गाठ दिसली, तर ती फांदी शेकोटीत न टाकता बांधावरच्या झाडाला बांधा. गाठीवर बारीक गोल छिद्रे असतील तर तिच्यातली अंडी दुसऱ्या एका परजीवी किड्याने खाल्ली असे समजावे. निसर्गात शिकाऱ्यालाही शिकारी असतोच.

चौथी, फवारावेच लागले तर जिथे कीड आहे तिथेच, सल्ल्याप्रमाणे मोजून, तोंडाला फडके व हातात मोजे घालून, वाऱ्याच्या दिशेने फवारा. सगळे शिवार धुवून काढू नका.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मोबाईलवरून उठवून एकदा बांधावर न्या. हात जोडून बसलेला किडा सापडला तर तो दाखवा, वाटले तर पाच-सहा आठवडे घरी आणा, आणि ठरवलेल्या दिवशी जिथून आणला त्याच झुडपावर नेऊन सोडा. पाळलेले जनावर विकताना डोळ्यांत पाणी येते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाळलेला जीव मोकळा सोडताना काय वाटते, हे मुलाने एकदा अनुभवावे. पुढच्या वर्षी पाऊस पडल्यावर त्याच बांधावर मुंगीएवढी पिल्ले पायांचे विळे परजत फिरताना दिसली, तर आपला पाहुणा रानात राहिला असे समजा.